एका एकवीस अंकी संख्येचे दोन अवयव



आजच्या व्याख्यानासाठी मी एकच संख्या निवडली आहे. ती मागे फळ्यावर लिहिली आहे: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंक. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दशमान स्थानांची जी नावं दिली आहेत ती परार्धापाशी थांबतात, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या १४७५ परार्ध ओलांडून जाते. पण तिची बांधणी अगदी साधी आहे. २ चा ६७ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांत दाणे मागणाऱ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या सगळ्या दाण्यांची आठपट करा आणि वर सात दाणे टाका, म्हणजे ही संख्या होते.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते शाळेत गणित शिकवत. त्यामुळे त्यांच्या नावाच्या व्याख्यानात गणिताभोवतीच्या गोष्टी सांगून गणित मात्र टाळायचं, हे मला पटलं नाही. गुणाकार, भागाकार आणि बाकी एवढ्या सामग्रीवर आज आपलं काम भागणार आहे.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. एखादी संख्या फुटते हे कळणं आणि ती कशी फुटते हे कळणं, ही दोन वेगवेगळी ज्ञानं आहेत. शाळेत आपण ती एकच समजतो. ९१ मूळ संख्या नाही हे आपल्याला कळतं, कारण ती ७ गुणिले १३ आहे हे दिसतं. अवयव दाखवल्याशिवाय संख्या संयुक्त आहे असं कोणी म्हटलं, तर आपण विचारू, कशावरून? फळ्यावरच्या संख्येच्या बाबतीत मात्र ती फुटते हे १८७६ साली सिद्ध झालं आणि तिचे अवयव १९०३ साली हाती आले. मधली सत्तावीस वर्षं जगाला ठाऊक होतं की हिला अवयव आहेत, आणि ते कोणते हे कोणालाही ठाऊक नव्हतं. या सत्तावीस वर्षांच्या फटीत काय आहे, ते मला आज उघडून दाखवायचं आहे.

सुरुवात होते सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये. मारँ मर्सेन नावाचे एक ख्रिस्ती संन्यासी मठात राहून युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करत. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ यांच्या कामाच्या बातम्या त्यांच्या पत्रांतून इकडून तिकडे जात. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांत त्यांना रस होता, आणि त्यामागे युक्लिडच्या काळापासूनचं एक कारण होतं. २ चा एखादा घात वजा १ ही संख्या मूळ निघाली, तर तिच्यापासून लगेच एक परिपूर्ण संख्या तयार होते. परिपूर्ण म्हणजे स्वतःहून लहान असलेल्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी: ६, २८, ४९६, ८१२८ अशी. आता २ चा घात वजा १ मूळ असायला घातांक तरी मूळ असावाच लागतो. घातांक ६ घेतला तर ६३ मिळतात, आणि ते ७ नं व ३ नं फुटतात. पण घातांक मूळ असणं पुरेसं नाही. घातांक ११ घेतला की २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मर्सेन यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सरळ यादीच दिली. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असेल तर संख्या मूळ. २५७ पर्यंतच्या बाकी सगळ्या घातांकांना संयुक्त. त्यांनी हे कसं ठरवलं, याचा पत्ता त्या पानांतून लागत नाही. त्याच ग्रंथात पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही पुरणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. तरीही यादीत त्यांनी एकवीस अंकी संख्या ठेवली, ३९ अंकी ठेवली आणि ७८ अंकीही ठेवली. या यादीनं पुढची तीनशे वर्षं गणितज्ञांना कामाला लावलं. शेवटी १९४७ पर्यंत ती पूर्ण तपासून झाली आणि तिच्यात पाच चुका निघाल्या: ६७ आणि २५७ नको होते, ६१, ८९ आणि १०७ हवे होते. मला या चुकांबद्दल मर्सेन यांचा राग येत नाही. त्यांनी बरोबर यादी दिली असती, तर कदाचित एवढ्या जिद्दीनं ती कोणी तपासली नसती.

आता गणिताकडे वळू या. समजा आपल्या संख्येला एखादा मूळ अवयव आहे. त्याला आपण 'अ' म्हणू. हा अ कुठेही लपू शकत नाही, कारण त्याच्या अंगावर दोन खुणा असाव्याच लागतात.

पहिली खूण फर्मा यांना १६४० मध्येच सापडली होती. २ चे घात एकामागून एक घ्या आणि दर वेळी अ नं भागून बाकी मांडा: १, २, ४, ८, आणि मग घात अ पेक्षा मोठा झाला की उरलेली बाकी. ही बाक्यांची रांग घड्याळाच्या काट्यासारखी फिरून पुन्हा १ वर येते आणि तीच फेरी परत सुरू होते. आता अ हा आपल्या संख्येचा अवयव असेल, तर २ च्या ६७ व्या घाताला अ नं भागल्यावर बाकी १ राहते. म्हणजे ६७ पावलांत पूर्ण फेऱ्या झालेल्या आहेत. पण ६७ मूळ असल्यामुळे फेरीची लांबी ६७ च असणार. दुसरीकडे फर्मा यांचा छोटा सिद्धान्त सांगतो की अ मूळ असेल, तर अ वजा १ पावलांनंतरही काटा १ वर असतोच. तेव्हा अ वजा १ ला ६७ नं नि:शेष भाग जायला हवा. शिवाय अ विषम, म्हणजे अ वजा १ सम. दोन्ही मिळून अ वजा १ ला १३४ नं भाग जातो. अवयव हा १३४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असणार. दुसरी कोणतीही संख्या तपासण्याचं कारण नाही.

दुसरी खूणही तितकीच सोपी आहे. २ च्या ६७ व्या घाताची बाकी १, म्हणून ६८ व्या घाताची बाकी २. पण ६८ वा घात हा ३४ व्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे एका पूर्ण वर्गाला अ नं भागल्यावर बाकी २ राहते. अशी गोष्ट ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत घडते, त्यांना ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च राहते. झालं, निम्मे उमेदवार बाद.

२०४७ वर हे करून पाहा. तिथे घातांक ११, म्हणून अवयव २२ च्या पटीत १ मिळवून येणारा. २०४७ चं वर्गमूळ ४५ च्या जरा पुढे आहे. तिथपर्यंत अशा दोनच संख्या: २३ आणि ४५. त्यांतली ४५ मूळ नाही. उरली फक्त २३. तिनं भागून पाहिलं की भाग जातो. आंधळेपणानं गेलो असतो तर २ पासून एकेक मूळ संख्या घेऊन नऊ भागाकार करावे लागले असते. इथे एकात काम झालं. याच दोन खुणांच्या बळावर ऑयलर यांनी १७७२ मध्ये २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही मूळ असल्याचं दाखवलं. वर्गमूळ ४६ हजारांच्या पुढे असूनही त्यांना शंभराच्या आतच मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं.

मग ६७ च्या बाबतीत काय अडलं? १३४ च्या पटींची रांग मांडून पाहा. दोन्ही खुणा असलेली पहिली मूळ संख्या १६०९. तिनं भाग जात नाही. पुढची घ्या, नाही. त्याच्या पुढची, नाही. लहान अवयव असता तर तो ऑयलर यांच्या काळातच सापडला असता. १८६९ मध्ये लाँद्री या फ्रेंच गणितज्ञानं ५९ घातांकाची संख्या फोडली, कारण तिचा एक अवयव १७९९५१ इतका लहान होता. आपल्या संख्येचा धाकटा अवयव, आज आपल्याला माहीत आहे, १९ कोटींच्या पलीकडे आहे. दोन्ही खुणा लावूनही तिथे पोचेपर्यंत ऐंशी हजारांच्या घरात मूळ संख्यांनी भागावं लागतं, आणि प्रत्येक भागाकार एकवीस अंकी संख्येला. त्यात त्या काळी मूळ संख्यांची छापील कोष्टकं नव्वद लाखांपर्यंतच होती. पुढचे उमेदवार मूळ आहेत की नाहीत, हेच आधी ठरवायला हवं.

इथे एदुआर ल्युका हे फ्रेंच गणितज्ञ पुढे आले आणि त्यांनी प्रश्नच बदलला. अवयव शोधायचेच नाहीत. संख्येचं वागणं पाहायचं. फर्मा यांचा छोटा सिद्धान्त म्हणतो की संख्या मूळ असेल तर अमुक घाताची बाकी १ यायलाच हवी. ती आली नाही, तर संख्या मूळ नाही. अवयवांचं नावही घ्यावं लागत नाही. मात्र आपल्या संख्येवर हा प्रयोग २ चे घात घेऊन केला तर फसगत होते. मूळ घातांकाच्या सगळ्याच मर्सेन संख्या, मग त्या मूळ असोत वा संयुक्त, २ च्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. २ पासूनच त्या बनलेल्या, त्यामुळे २ त्यांचं बिंग फोडत नाही. दुसरी परीक्षा हवी, आणि ल्युका यांनी १८७६ मध्ये ती तयार केली. पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या लेमर यांनी तिला जे नेटकं रूप दिलं, तेच इथे सांगतो.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी घ्या. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. घातांक ७ घ्या, म्हणजे संख्या १२७. रांग अशी जाते: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पावलांत शून्य, म्हणून १२७ मूळ. घातांक ११ घेतला तर २०४७ च्या रांगेत नऊ पावलांनंतर १७३६ उरतात. शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. आणि २३ किंवा ८९ यांचा या हिशोबात कुठेही मागमूस नाही! वीस वर्षं शिकवूनही मला हे दर वेळी विलक्षण वाटतं. संख्येनं कबुली दिली की मी फुटते. कुठे फुटते ते सांगितलं नाही.

६७ साठी अशी पासष्ट पावलं. प्रत्येक पावलाला एकवीस अंकी संख्येचा वर्ग आणि त्याला एकवीस अंकी संख्येनं भागाकार. काम कंटाळवाणं, पण माणसाच्या आवाक्यातलं. ल्युका यांनी जाहीर केलं की मर्सेन इथे चुकले. त्याच वर्षी त्यांनी १२७ घातांकाची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, आणि हातानं गणित करून सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा तिचा मान आजही कायम आहे. १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती. रशियातले पेर्वूशिन नावाचे पाद्री १८८३ मध्ये ६१ घातांकाची संख्या मूळ असल्याचं दाखवून गेले, आणि मग काहींनी असाही तर्क केला की मर्सेन यांच्या यादीतला ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असेल.

आता येतो तो प्रसंग, ज्यामुळे ही संख्या प्रसिद्ध झाली. ३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. फ्रँक नेल्सन कोल हे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक आणि सोसायटीचे चिटणीस. मोठ्या संख्यांचे अवयव काढण्याबद्दल त्यांचा निबंध कार्यक्रमपत्रिकेवर होता. ई. टी. बेल यांनी लिहून ठेवलेली हकिकत अशी की कोल फळ्यापाशी गेले, एक अक्षर न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात काढला, १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या मांडल्या आणि सरळ शाळेतल्या रीतीनं गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले, सभागृहानं टाळ्या वाजवल्या, प्रश्न कोणी विचारला नाही. पुढे बेल यांनी किती वेळ लागला असं विचारलं तेव्हा कोल यांनी तीन वर्षांचे रविवार असं उत्तर दिलं.

बेल हे कोलंबियात कोल यांचे विद्यार्थी होते, त्यामुळे रविवारांची गोष्ट त्यांनी गुरूंच्याच तोंडून ऐकली असणं शक्य आहे. पण १९०३ मध्ये ते न्यूयॉर्कात नव्हते, आणि ही हकिकत त्यांनी छापली ती कित्येक वर्षांनी. मौन, टाळ्या, एकही प्रश्न नाही, हे सगळं किती घडलं आणि किती रंगवलं गेलं, यावर मी पैज लावणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही गोष्ट सांगणारे सगळे त्या मौनावर थांबतात. कोल यांनी त्याच वर्षी सोसायटीच्या पत्रिकेत चार-पाच पानांचा लेख छापला, त्याच्याकडे कोणी वळत नाही. खरी कमाई तिथे आहे. त्या रविवारी कोल भागाकारांमागून भागाकार करत बसले असते, तर आणखी कितीतरी वर्षं लागली असती. त्यांनी चाळणी बारीक केली.

चाळणीचं तत्त्व असं. एखाद्या वर्गाला आपल्या मोठ्या संख्येनं भागल्यावर फार लहान बाकी उरते असं समजा. उदाहरणापुरती ती १३ धरू. मग त्या संख्येच्या प्रत्येक अवयवासाठीही १३ ही एका वर्गाची बाकी ठरते. आणि १३ कोणत्या मूळ संख्यांच्या बाबतीत वर्गाची बाकी होऊ शकते, हे गाउस यांनी १८०१ च्या ग्रंथात सिद्ध केलेल्या नियमावरून नेमकं सांगता येतं: ज्यांना १३ नं भागल्यावर १, ३, ४, ९, १० किंवा १२ उरतात त्यांच्याच. बाकीचे निम्मे उमेदवार न भागताच गळतात. अशी दुसरी लहान बाकी मिळवा, उरलेल्यांतले पुन्हा निम्मे गळतात. दहा बाक्या मिळाल्या की हजारातला एखादाच उमेदवार टिकतो. कोल यांचे रविवार अशा लहान बाक्या हुडकण्यात आणि त्यांच्या जाळ्यांतून उमेदवार गाळण्यात गेले. ज्याला आपण नुसती चिकाटी म्हणून डोक्यावर घेतो, तिच्यात एवढी बुद्धी होती.

त्या दोन अवयवांची परीक्षा आपण इथेच घेऊ शकतो. १९३७०७७२१ मधून १ वजा करून १३४ नं भागा: १४४५५८० येतात, बाकी शून्य. दुसऱ्यातून १ वजा करून भागा: ५६८५३६०१२९, बाकी शून्य. ८ नं भागल्यावर पहिल्याची बाकी १, दुसऱ्याची ७. दोघांच्याही अंगावर दोन्ही खुणा आहेत. नवाचा ताळा घ्या: पहिल्याच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १, दुसऱ्याची ६४, म्हणजे १, फळ्यावरच्या संख्येची १०९, म्हणजे १. अकराचा ताळा घ्या: पहिल्याला ९, दुसऱ्याला ८, ९ गुणिले ८ म्हणजे ७२, त्यातून ६६ गेले, उरले ६, आणि फळ्यावरच्या संख्येचेही ६ च. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, हे आपल्याला शाळेत बजावून सांगितलेलं असतं. पण पूर्ण गुणाकारही अवघड नाही. १९३७०७७२१ मध्ये शून्य सोडलं तर आठ अंक आहेत, म्हणून आठ ओळी. त्यांत ७ तीनदा येतो, १ दोनदा येतो. १ नं गुणायला काही लागत नाही. म्हणजे ७६१८३८२५७२८७ ला २, ३, ७ आणि ९ या चार अंकांनी एकेकदा गुणलं की सगळ्या ओळी हाताशी आल्या. उरते ती बेरीज. आठवीतल्या मुलीला हे पंधरा-वीस मिनिटांत जमेल, आणि जमलं की तिला कोल यांच्यावर, बेल यांच्यावर किंवा माझ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरणार नाही. मी इथल्या शिक्षकांना कळकळीनं विनंती करतो की हा गुणाकार वर्गात एकदा करून घ्यावा. जगातल्या एका नामांकित सिद्धतेची प्रत्येक पायरी शाळकरी मुलानं स्वतःच्या हातानं तपासावी, अशी संधी गणितात फार थोड्या ठिकाणी मिळते.

ल्युका यांची सिद्धता अशी तपासता येत नाही. पासष्ट पावलांतल्या एकात हातचा चुकला तरी शेवटी शून्य येत नाही, आणि शून्य न येणं हाच तर तिचा निष्कर्ष. शंका राहिली तर अख्खं काम पुन्हा करावं लागतं. उलट कोल यांची दोन अवयवांची ओळ स्वतःच स्वतःची साक्ष आहे. शोधायला तीन वर्षांचे रविवार, पडताळायला एक दुपारही नको. हा असमतोल मला या साऱ्या प्रकरणाचं मर्म वाटतो.

आणि १९७७ मध्ये याच असमतोलातून एक कुलूप घडलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त संदेशाची एक पद्धत मांडली. दोन मोठ्या मूळ संख्या निवडा, त्यांचा गुणाकार जगजाहीर करा, अवयव स्वतःजवळ ठेवा. गुणाकारावरून कोणीही तुम्हाला संदेश कुलूपबंद करून पाठवू शकतो. तो उघडायला अवयव लागतात. हे शक्य झालं त्याची दोन्ही कारणं आपण आत्ताच पाहिली. मोठी मूळ संख्या ओळखणं सोपं आहे, कारण तिच्या वागण्यावरून ती कळते. मोठी संयुक्त संख्या फोडणं मात्र अवघड आहे. ल्युका आणि कोल यांच्यामधली सत्तावीस वर्षांची फट रुंद करत नेली, आणि जगभरच्या संकेतस्थळांचे, बँकांचे व्यवहार दीर्घकाळ तिच्या आडोशानं चालत आले. त्या तिघांनी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक जुंपून फोडली. त्यांनी वापरलेली वर्गचाळणी कार्ल पोमरन्स यांनी १९८१ मध्ये रचलेली. तिचं बीज वर्गांच्या लहान बाक्या गोळा करण्यातच आहे. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. कुलपासाठी सर्रास वापरली जाणारी ६१७ अंकी लांबी आजच्या साधनांच्या पलीकडे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती लोकप्रिय लेखांत निसटते. अवयव काढणं अवघड आहे, हे आजवर कोणीही सिद्ध केलेलं नाही. आपल्याला वेगवान रीत माहीत नाही, एवढंच. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर अवयव झटपट निघतील. मूळ संख्या ओळखण्याच्या बाजूचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला आहे, आणि तो आपल्या देशात सुटला. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत दिली. वाजवी म्हणजे अंकांची संख्या वाढली तर काम तिच्या ठरावीक घाताच्या प्रमाणातच वाढेल, भडकणार नाही. त्यांची सिद्धता इतकी थोडक्यात आहे की जगभरच्या तज्ज्ञांना ती तपासायला फार दिवस लागले नाहीत. ल्युका यांची परीक्षा मर्सेन संख्यांपुरती होती. ही सगळ्यांसाठी आहे. आणि हिलाही अवयव सापडत नाहीत.

कोल यांच्याबद्दल आणखी थोडं. ते १८९६ पासून १९२० पर्यंत सोसायटीचे चिटणीस होते. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना निधी अर्पण केला. तो त्यांनी सोसायटीलाच परत दिला, आणि त्यातून त्यांच्या नावाचं पारितोषिक उभं राहिलं. संख्या सिद्धान्तातलं कोल पारितोषिक २००८ मध्ये मंजुल भार्गव यांना मिळालं आणि २०११ मध्ये मुंबईत जन्मलेले चंद्रशेखर खरे यांना, जाँ-पिएर विंतेनबर्गे यांच्यासह. खरे आणि विंतेनबर्गे यांनी सेर यांचं एक अटकळ-विधान सिद्ध केलं, ज्याच्या पोटातून फर्मा यांचा शेवटचा सिद्धान्तही निघतो. खरे यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं आहे. त्यांच्या गणितात शिरायला आज वेळ नाही. पुढच्या वर्षी त्याच विषयासाठी जाणकार वक्ता बोलवावा, असं मी कार्यकर्त्यांना सुचवतो.

फळ्यावरची संख्या आजचा साधा संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडतो. मर्सेन संख्यांचा शोध १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापले संगणक जोडून करत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. तिचीही शहानिशा वर्ग करा, दोन वजा करा, बाकी घ्या या ल्युकांच्या मार्गानंच होते.

पण १८७६ ते १९०३ दरम्यानची अवस्था सरलेली नाही. २ चा १२७७ वा घात वजा १ घ्या. संख्या ३८५ अंकी आहे. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालेलं आहे. तिचा एकही अवयव आजवर कोणाला सापडलेला नाही. तिच्या अवयवांच्या खुणा आपल्याला ठाऊक आहेत: २५५४ च्या पटीत १ मिळवून ते यायला हवेत, आणि ८ नं भागल्यावर १ किंवा ७ उरायला हवेत. रांग लावायला बसलात तर पहिली ७६६३ येते, ती ७९ गुणिले ९७. मग १०२१७, ती १७ गुणिले ६०१. मग १७८७९, ती १९ गुणिले ९४१. मग २०४३३, तिला ३ नं भाग जातो. मग २८०९५, तिला ५ नं. दोन्ही खुणा असलेली पहिली खरीखुरी मूळ संख्या ३०६४९. तिनं भाग जात नाही. तिच्यापुढे संगणकांनी फार लांबवर पाहिलेलं आहे आणि शोध चालू आहे.